घरमालकाची सही

पत्रू मिस्त्रीनं चुन्याची फक्की टाकून अंगणात खोलीची चौकट आखली, चार पावलं मागं सरला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बाई, खोली तं मस्त बसते. पण तिच्यात एक पाव्हणा आधीच येऊन बसला हाये."

पाहुणा म्हणजे विजेच्या खांबाची ताणाची तार. खांब होता कुंपणाला लागून. पण तो कलू नये म्हणून त्याच्या डोक्यापासून तिरपी ओढून जमिनीत गाडलेली तार नेमकी त्या पांढऱ्या चौकटीच्या मधोमध उतरत होती. खांब हलल्याशिवाय तार हलणार नव्हती, आणि तार हलल्याशिवाय खोली होणार नव्हती.

पत्रूनं आणि बायनाबाईंनी एकदमच देवरावांकडे, म्हणजे बाईंच्या नवऱ्याकडे, पाहिलं. साहजिक होतं. देवराव बत्तीस वर्षं लाईनमन होते. आंबेटोल्यात कोणाचा पंखा कुरकुरला तरी माणसं यांच्या दारात येत. रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, पण ते फक्त देवरावांना माहीत होतं. गावाला अजून पटलं नव्हतं.

"हलवाव लागते हा खांब," बायनाबाई म्हणाल्या.

देवरावांनी घसा साफ केला आणि तीस वर्षं म्हणत आले होते तेच वाक्य म्हटलं. "सरकारी खांब हाये तो. हालत नाई."

हे वाक्य म्हणजे शुद्ध थाप होती. या माणसानं नोकरीत निदान पन्नास खांब स्वतःच्या हातानं हलवले होते. कोणाच्या विहिरीजवळचा, कोणाच्या गोठ्यातला, एक तर लग्नाचा मांडव घालायचा म्हणून दोन दिवसांत. पण आपल्याच अंगणातला खांब आला की देवरावांचा चेहरा असा काही सरकारी व्हायचा, की पुढं बोलायची सोय उरत नसे.

बायनाबाईंना हवी होती ती खोली काही महाल नव्हता. दहा बाय दहा, पूर्वेला एक खिडकी आणि दाराला आतून कडी. कडीचं त्या दोनदा सांगत. घर म्हणजे एक लांबट हॉल आणि मागं स्वयंपाकघर. आयुष्य सगळं त्या हॉलमध्ये गेलं. आधी आईबाप, मग नवरा, मग लेक, आणि रोज कोणीतरी लाईन गेली म्हणून खाटेवर येऊन बसलेला. दिवसभर अंगणवाडीत चाळीस पोरांचा कालवा ऐकून त्या घरी आल्या, की घरात हा दुसरा कालवा. आता त्याही रिटायर झाल्या होत्या.

"मले एकदा दार लावून बसाचं हाये," त्यांनी देवरावांना सांगितलं होतं.

"बसून काय करशीन?"

"काही नाई. बसीन."

आता तुम्ही म्हणाल, बायकोची एवढीशी हौस, आणि हा गडी खांबाला मिठी मारून का बसला? तर त्याचं मूळ फार जुनं होतं, आणि ते देवरावांशिवाय जगात कोणालाच ठाऊक नव्हतं.

देवराव या गावचे नव्हतेच. ते वरोऱ्याकडचे. लग्नानंतर इथं घरजवाई म्हणून आले, कारण बायनाबाई वामनरावांची एकुलती एक लेक. वामनराव भला माणूस, जावयाला कधी वर आवाजात बोलला नाही, पण घर आणि अंगण त्यानं लेकीच्या नावावर केलं. त्यात वावगं काहीच नव्हतं. पण गाव ते गावच. देवराव नोकरीला लागले, साहेबांच्या जीपमध्ये बसू लागले, तरी पारावरची माणसं म्हणत, "तो पाहा, वामनरावचा जवाई चालला." स्वतःचं नाव असलेला माणूस गावभर दुसऱ्याच्या नावानं फिरत होता. देवराव हसून सोडून द्यायचे. मात्र आत कुठंतरी ते टोचायचं.

मग तीस वर्षांपूर्वी टोल्यात, म्हणजे गावापासून सुट्या या वस्तीत, वीज यायची ठरली. मोठ्या गावात होती, टोल्यात नव्हती. लाईन टोल्यात वळवायला एक खांब मध्ये कुठंतरी उभा करावा लागणार होता, आणि कोणी जागा देईना. उरलं ते वामनरावांचं अंगण. वामनराव तेव्हा नुकतेच गेले होते. बायनाबाई लेकराला कडेवर घेऊन पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला गडचिरोलीला होत्या. साहेब कडक होता. म्हणाला, "घरमालकाची लेखी संमती आणल्याशिवाय खड्डा खोदायचा नाही." आणि छापील कागद देवरावांच्या हातात दिला.

कागदावर रकाना होता, घरमालकाचे नाव. देवरावांनी तिथं स्वतःचं नाव लिहिलं. मुद्दाम फसवायचं मनात नव्हतं. घाई होती, साहेब थांबला होता, आणि टोला सगळा डोळे लावून बसला होता. पण खरं सांगायचं तर लिहिताना हात जरा रेंगाळला, सही नेहमीपेक्षा मोठी झाली, आणि खालची शेपटी चांगली दोन वेळा वळवली गेली. घरमालक, देवराव. ते वाचून त्यांना जे वाटलं, ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

बायनाबाई परत आल्या तर टोल्यात दिवे आणि अंगणात खांब. त्यांनी खांबाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "मले विचारलं असतं."

"सरकारी काम हाये," देवराव म्हणाले. तेव्हापासून तो खांब सरकारी झाला.

बायनाबाईंनी खांबाशी आपल्या परीनं जमवून घेतलं. दर पावसाळ्यात त्या ताणाच्या तारेच्या बुडाशी वालाच्या बिया टोचत. वेल तारेवर भराभर चढे. आणि दर पावसाळ्यात देवराव, लाईनमन असल्यामुळे, तो वेल कापून टाकत, कारण तारेवर वेल चढू देणं धोक्याचं. यावरून दरवर्षी भांडण होई. इतक्या वर्षांत वालाची एक शेंग काही त्या घरानं अंगणातली खाल्ली नाही.

पत्रूनं आखणी केली त्याच संध्याकाळी बायनाबाईंनी नंदिनीला फोन लावला. नंदिनी म्हणजे त्यांची लेक. चंद्रपूरला एका वकिलाच्या ऑफिसात काम करते. तिनं फोनवर सांगितलं ते बायनाबाईंनी वहीत उतरवून घेतलं. खाजगी जागेत खांब उभारायचा तर घरमालकाची लेखी संमती लागते. संमती नसेल तर खांब वीज कंपनीनं आपल्या खर्चानं हलवायचा. संमती असेल तर सगळा खर्च घरमालकावर, आणि नंबर लागेल तेव्हा लागेल.

बायनाबाईंनी वही मिटली. त्यांच्याजवळ पैसे होते तेवढ्यात भिंती आणि छत जेमतेम होणार होतं. खांबाचा खर्च त्यात बसत नव्हता.

"म्या कुठं सही केली होती का?" त्यांनी विचारलं.

"नाई," देवराव म्हणाले. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

"मंग झालं तं!" बायनाबाईंचा चेहरा असा उजळला की देवरावांना तिकडे पाहवेना. त्यांनी लगेच बसून अर्ज लिहिला, अंगणवाडीच्या फळ्यावर लिहीत तशा गोल अक्षरात. सोबत नमुना आठचा उतारा जोडला, म्हणजे ग्रामपंचायतीचा घराचा कागद. त्यावर मालक म्हणून त्यांचं एकटीचं नाव. आणि सगळं पाकिटात घालून नवऱ्याच्या हातात ठेवलं. "तुमचंच ऑफिस हाये. देऊन या."

एसटीत बसल्यावर देवरावांच्या मनात नाही नाही ते आलं. पाकीट खिडकीतून उडालं म्हणावं? खिशातून पडलं म्हणावं? पण त्या गोल अक्षरांचं पाकीट त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, जणू त्यात अंडी आहेत.

तालुक्याच्या ऑफिसात आता करिश्मा मॅडम होत्या. पोरगीच ती, तिशीच्या आतली इंजिनिअर, पण पहिल्या वर्षी पावसात लाईन पडली तेव्हा तिला सगळा जंगलपट्टा देवरावांनीच पायी फिरवून दाखवला होता. ती उठून उभी राहिली, चहा मागवला, अर्ज वाचला आणि स्वतः आतून जुनी फाईल काढून आणली. पानं पिवळी पडली होती, एक कोपरा वाळवीनं खाल्ला होता. तिनं पानं उलटली आणि थांबली.

"देवरावभाऊ, संमती आहे इथं." तिनं फाईल त्यांच्याकडे फिरवली. "घरमालक म्हणून तुमचंच नाव. सहीपण तुमची."

सही तशीच होती. शेपटी दोनदा वळवलेली. देवराव सहीकडे पाहत राहिले. चाळिशीत न आलेल्या एका माणसाची ती सही होती, आणि त्या माणसाची देवरावांना लाजही वाटली आणि कीवही आली.

"घर काकूंचं आहे, नाही का?" करिश्मानं हळूच विचारलं. उतारा तिच्यासमोरच होता.

"हो."

तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, फाईल जुनी आहे. मी लिहिते, संमतीपत्र आढळून आलं नाही. खांब हलेल. कोणाला काही कळणार नाही."

देवरावांच्या अंगावरचं ओझं एकदम उतरलं. एवढं सोपं होतं! खांब जाईल, खोली होईल, बायनाबाई खूश आणि आपली झाकली मूठही तशीच राहील. ते "बरं" म्हणालेसुद्धा. उठले, पिशवी घेतली, दारापर्यंत गेले.

आणि तिथं त्यांना तो कडक साहेब आठवला. संमतीशिवाय खड्डा खोदायचा नाही म्हणणारा. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. संमतीपत्र आढळलं नाही, याचा अर्थ त्या साहेबानं एका बाईच्या अंगणात न विचारता खांब रोवला. ज्यानं विचारायला लावलं तो खोटा ठरणार, आणि ज्यानं विचारलं नाही तो शहाणा ठरून चहा पिऊन घरी जाणार. शिवाय बायनाबाई आयुष्यभर कंपनीला शिव्या देतील आणि आपण समोर बसून मान हलवू. हे काही खरं नाही.

देवराव परत येऊन खुर्चीत बसले. "मॅडम, एक कोरा कागद द्या."

त्यांनी लिहिलं: 'मी, देवराव, सेवानिवृत्त लाईनमन, लिहून देतो की, ज्या घराच्या अंगणात हा खांब आहे त्या घराचा मी मालक नव्हतो व नाही. घर माझी पत्नी बायनाबाई यांचे आहे. संमती देण्याचा अधिकार त्यांचा होता. मी त्यांना विचारले नाही.'

पहिल्या वाक्याला वेळ लागला. बाहेर टेबलावर त्यांच्या हाताखाली शिकलेली दोन पोरं बसली होती, हा कागद त्यांच्याच हातून पुढं जाणार होता. 'नव्हतो व नाही' लिहिताना देवरावांचे कान तापले. पण शेवटचं वाक्य आपोआप आलं.

करिश्मानं वाचलं. "भाऊ, शेवटचं वाक्य नाही लागत."

"राहू द्या," देवराव म्हणाले. "तीस वर्षं राह्यलं हाये ते."

कागदाची झेरॉक्स घेऊन ते दुपारी घरी आले. बायनाबाई ओट्यावर लाखोळीची डाळ निवडत होत्या. देवरावांनी झेरॉक्स त्यांच्यापुढं ठेवली आणि तिथंच उभे राहिले, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे.

बायनाबाईंनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कागद सुपाखाली दाबून ठेवला.

"सही तुम्ही केली."

"हो."

"सहीचं जाऊ द्या. टोल्यात लाईट येऊन राह्यली होती. मले विचारलं असतं तं म्याच कुदळ आणून देल्ली असती." त्यांनी दोन खडे निवडून फेकले. "पण हालत नाई, हालत नाई म्हणून काऊन सांगत राह्यले? तीस सालं म्या त्या तारेले वळसा घालून पाणी आणलं."

"हलवाले अर्ज लागला असता. अर्ज केला का फाईल उघडते."

"उघडली असती तं?"

देवरावांनी अंगणाकडे पाहिलं. "तं तुले समजलं असतं, की मले या घराचा मालक व्हाचं होतं."

बायनाबाईंचा हात सुपात थांबला. मग त्या म्हणाल्या, "येडे आहात तुम्ही. मालक होऊन कोणतं सोनं लागलं असतं? म्या कधी म्हटलं का, हे माह्यं घर हाये?"

"नाई म्हटलं."

"तुमाले टोचत होतं तं सांगाव लागत होतं. तेही नाई सांगतलं." आणि सूप उचलून त्या आत गेल्या.

तीन दिवस त्या बोलल्या नाहीत. जेवण वेळेवर मिळे, भाजीत मीठ बरोबर असे, चहा दोनदा होई. हेच देवरावांना फार लागलं. भांडल्या असत्या, भांडी आपटली असती, तर बरं वाटलं असतं.

खऱ्या मालकिणीची संमती नव्हती, म्हणून अर्ज मंजूर झाला. खांब बाहेर गल्लीत जाणार असं ठरलं, आणि महिन्याभरानं सकाळीच कंपनीची गाडी आली. सोबत करिश्मा, चार माणसं, दोर, पहारी. पत्रूसुद्धा फक्कीची पिशवी घेऊन हजर. पण गल्लीत लाईन वळत होती, त्यामुळं नव्या खांबाची ताणाची तार अंगणाच्या अगदी कोपऱ्यात, कुंपणापाशी रोवावी लागणार होती. खोलीला धक्का नव्हता. तरी जागा बायनाबाईंची, म्हणजे पुन्हा तोच छापील कागद. घरमालकाची संमती.

करिश्मा कागद घेऊन बायनाबाईंकडे निघाली, तर देवरावांनी हात पुढं केला. "द्या. हे काम माह्यं हाये."

त्यांनी पायातली चप्पल काढली, केसांवरून हात फिरवला आणि ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. बत्तीस वर्षं दारोदार जाऊन विचारलं होतं, तशाच आवाजात त्यांनी विचारलं. "जय भीम, बाई. ताणाची तार तुमच्या अंगणाच्या कोपऱ्यात रोवाची हाये. दीड हात जागा लागन. तुमची परवानगी हाये का?"

माणसं हसायच्या बेतात होती. बायनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद घेतला, सगळा वाचला, मागची बाजूही पाहिली. कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन दीड हात जागा पावलानं मोजून आल्या.

"उद्या सांगीन," त्या म्हणाल्या.

करिश्मानं घड्याळाकडे पाहिलं, मग देवरावांच्या तोंडाकडे, आणि माणसांना खुणावलं. गाडी आली तशी परत गेली. आंबेटोल्यात एवढी मोठी गाडी रिकामी परत जाण्याची ही पहिलीच वेळ. टोल्यातली माणसं गोळा झाली होती, कोणी म्हणालं, "देवरावभाऊ, घरातलीच बाई, हो म्हणायले एक दिवस कायले लागते?"

"लागते," देवराव म्हणाले. "घर तिचं हाये, दिवस लागला तं लागू दे." हे ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांसमोर. आणि नवल असं की आतलं ते टोचणं, म्हातारपणापर्यंत जपलेलं, त्या वाक्यासरशी कुठं गेलं ते त्यांनाही कळलं नाही.

दिवसभर त्यांनी विषय काढला नाही. सकाळी उठले तर चष्म्याच्या डबीखाली कागद. गोल अक्षरात सही. आणि खाली, अटी असल्यास, या रकान्यात लिहिलं होतं: 'तारेजवळ मी वाल लावणार. तो कोणी कापू नये.'

देवराव एकटेच खो खो हसले. तारेवर वेल चालत नाही, हे त्यांच्या रक्तात होतं. आणि अट तर मान्य करायलाच हवी होती. नवीन तार रोवली गेली त्या दिवशी त्यांनी जंगलकाठच्या बेटातून एक उंच बांबू आणला आणि तारेपासून तीन हात सोडून रोवला. पावसाळ्यात वेल त्यावर चढला. बायनाबाईंनी पाहिलं, आणि वालाची पहिली भाजी झाली तेव्हा वाढताना देवरावांच्या ताटात दोन पळ्या जास्त पडल्या.

खोली तोवर झाली होती. दहा बाय दहा, पूर्वेला खिडकी, आतून पितळी कडी. एका दुपारी बायनाबाई आत गेल्या आणि कडी लागल्याचा आवाज आला. देवराव हॉलमध्ये खाटेवर बसून राहिले. घर एकाएकी फार मोठं वाटायला लागलं. करमेना. पेपर दोनदा वाचून झाला. शेवटी चहा करून दोन कप हातात घेऊन ते त्या दारापाशी गेले.

या घरात राहून चाळीस वर्षं होत आली, पण कुठल्याच दारावर टकटक करायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्यांनी कोपरानं हलकेच ठोकलं.

"कोण हाये?"

"मी हाये," देवराव म्हणाले. "आत येऊ का?"

देवराव उभे राहिले. चहावर साय धरायला लागली, तरी ते उभे राहिले. त्यांना घाई नव्हती.

मग कडी निघाली.

"या," बायनाबाई म्हणाल्या.